नळीवाटे शिरणारा मृत्यू

अत्यवस्थ रुग्णाला अतिदक्षता विभागात हलविले, की त्याच्या नातेवाइकांना एक प्रकारचा धीर येतो. तेथे यंत्रे आहेत, चोवीस तास डॉक्टर आहेत. माणसाच्या हाती जे आहे ते सर्व आता होईल, पुढे परमेश्वराची इच्छा, असे म्हणून ती मंडळी बाहेरच्या बाकावर बसून राहतात. आठ-दहा दिवसांनी त्यांना सांगण्यात येते, की मूळ दुखणे उताराला लागले होते, पण रक्तात जंतुसंसर्ग पसरला. हा संसर्ग आला कोठून, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. मूळ आजाराचाच तो एक फाटा असावा, असे घरची माणसे समजतात आणि रुग्णालयही ती समजूत दूर करण्याची तसदी घेत नाही. वस्तुतः पुष्कळदा हा संसर्ग रुग्णाने घरून आणलेला नसतो. तो त्याला रुग्णालयातच झालेला असतो, आणि तोही प्राण वाचविण्यासाठी म्हणून शिरेत घातलेल्या नळीवाटे. अशा संसर्गाकडे दैवाचा भाग म्हणून पाहण्याचे दिवस आता संपले आहेत. तो मोजता येतो, मोठ्या प्रमाणात टाळता येतो, आणि म्हणूनच त्याचा जाबही विचारता आला पाहिजे.

ही नळी म्हणजे काय, हे प्रथम समजून घ्यावयास हवे. मानेतील, गळ्याच्या हाडाखालील किंवा जांघेतील मोठ्या शिरेतून एक बारीक, लवचीक नळी आत सरकवितात आणि तिचे टोक शरीराच्या मुख्य रक्तवाहिनीत, बहुधा हृदयाच्या तोंडाशी, नेऊन ठेवतात. डॉक्टरांच्या बोलीत तिला ‘सेंट्रल लाइन’ म्हणतात. हातावरच्या शिरांना सोसवणार नाहीत अशी तीव्र औषधे हिच्यातून देता येतात. रक्तदाब कोसळत असेल तर सावरता येतो. पोटात अन्न जाणे अशक्य झाले असेल तर थेट रक्तात पोषण पोहोचविता येते. १९२९ साली वेर्नर फोर्समान या तरुण जर्मन डॉक्टराने स्वतःच्या हाताच्या शिरेतून अशी नळी थेट हृदयापर्यंत नेली आणि क्ष-किरण चित्र काढून ते सिद्ध केले, तेव्हा त्याच्या वाट्याला कौतुकाऐवजी अवहेलनाच आली. नोबेल पारितोषिकाने त्याचा गौरव व्हावयास १९५६ साल उजाडावे लागले. आज या नळीविना अतिदक्षता विभागाची कल्पनाही करता येत नाही. तेव्हा दोष नळीचा नाही, हे प्रारंभीच स्पष्ट केलेले बरे.

परंतु त्वचा ही शरीराची तटबंदी आहे आणि नळी घालणे म्हणजे त्या तटबंदीला जाणूनबुजून पाडलेले भगदाड आहे. त्वचेवरचे जंतू नळीच्या बाहेरच्या अंगाने आत उतरतात, तर औषधे टोचणाऱ्या हातांवरचे जंतू नळीच्या तोंडातून आतल्या अंगाने शिरतात. एकदा का ते नळीच्या पृष्ठभागावर स्थिरावले, की स्वतःभोवती एक बुळबुळीत थर निर्माण करतात. या थराच्या आड दडलेल्या जंतूंपुढे प्रतिजैविके निष्प्रभ ठरतात आणि पुष्कळदा नळी काढून टाकण्यावाचून गत्यंतर उरत नाही. नळी जितके दिवस शरीरात राहील तितका धोका वाढत जातो. लघवीसाठी घातलेल्या नळीचीही कथा याहून फारशी निराळी नाही. फक्त रक्तातील संसर्ग अधिक वेगाने प्राणावर बेततो.

हा धोका कोणाला माहीत नव्हता असे नाही. तो अटळ आहे, अशी मात्र सर्वांची खात्री होती. अमेरिकेसारख्या संपन्न देशात या शतकाच्या आरंभी अतिदक्षता विभागांतून दरवर्षी असे सुमारे ८०,००० संसर्ग होत आणि त्यांपायी २८,००० पर्यंत मृत्यू ओढवत, असा अंदाज होता. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील पीटर प्रोनोव्होस्ट या डॉक्टरांनी २००१ साली या समजुतीला आव्हान दिले. त्यांनी नवे औषध शोधले नाही की नवे यंत्र आणले नाही. नळी घालताना करावयाच्या, प्रत्येक डॉक्टराला पाठ असलेल्या, पाच साध्या गोष्टींची एक यादी त्यांनी केली आणि त्या खरोखर केल्या जातात की नाही, हे महिनाभर पाहण्यास परिचारिकांना सांगितले. एक तृतीयांशाहून अधिक रुग्णांच्या बाबतीत यांपैकी निदान एक गोष्ट डॉक्टरांकडून राहून जात असल्याचे आढळले. हे अज्ञान नव्हते, दुष्टावाही नव्हता. घाईच्या वेळी प्रत्येक माणसाच्या हातून जे होते तेच येथेही होत होते.

हीच पद्धत पुढे मिशिगन राज्यातील शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत राबविण्यात आली. हात स्वच्छ धुणे. नळी घालताना टोपी, मुखपट्टी, झगा व हातमोजे घालून रुग्णाला निर्जंतुक चादरीने पूर्ण झाकणे. त्वचा क्लोरहेक्सिडिनने पुसणे. शक्यतो जांघेतील शीर टाळणे. आणि गरज संपताच नळी काढणे, एवढ्याच त्या पाच गोष्टी. या प्रयोगाचा अहवाल डिसेंबर २००६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. अशा संसर्गाचे प्रमाण दर हजार नळी-दिवसांमागे मोजतात. दहा रुग्णांच्या शिरांत प्रत्येकी दहा दिवस नळी राहिली तर ते शंभर नळी-दिवस झाले. मिशिगनमध्ये हे प्रमाण सरासरी ७.७ होते, दीड वर्षाच्या आत ते १.४ वर आले. मूळचे महाराष्ट्रातील उटी गावचे असलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या डॉक्टरांचे चिरंजीव, शल्यविशारद अतुल गावंडे यांनी २००७ साली लिहिलेल्या लेखामुळे आणि पुढे २००९ मधील पुस्तकामुळे ही हकिगत जगभर पोहोचली.

यादीमागचे बळ

या हकिगतीचा एक सोपा अर्थ लावला जातो आणि तो अपुरा आहे. भिंतीवर एक यादी चिकटविली, की संसर्ग पळून जातो, असा तो अर्थ. तसे असते तर आपल्या रुग्णालयांतील भिंतींवर सूचनाफलकांची वाण नाही. मिशिगनमध्ये यादीच्या पाठीशी तीन गोष्टी उभ्या होत्या. पहिली ही, की डॉक्टराने एखादी पायरी गाळली तर त्याला तेथल्या तेथे थांबविण्याचा अधिकार परिचारिकेला देण्यात आला आणि प्रशासन तिच्या पाठीशी राहील अशी हमी देण्यात आली. दुसरी ही, की प्रत्येक रुग्णालयातील एका वरिष्ठ अधिकाऱ्यावर जबाबदारी टाकण्यात आली. हे अधिकारी विभागात जाऊन पाहू लागले, तेव्हा त्यांना कळले, की ज्या क्लोरहेक्सिडिनचा आग्रह धरला जात होता ते बहुतेक विभागांत उपलब्धच नव्हते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे संसर्गाचा आकडा नियमितपणे मोजून प्रत्येक विभागापुढे ठेवला जात होता.

यांपैकी पहिली गोष्ट सर्वांत अवघड आहे. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात १८४७ साली इग्नाझ सेमेलवाइस याने प्रसूतिकक्षात येण्यापूर्वी डॉक्टरांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवावेत असा नियम केला आणि सूतिकाज्वराने मरणाऱ्या बाळंतिणींची संख्या झपाट्याने घटली. तरीही वैद्यकीय जगाने त्याला दूर लोटले, कारण स्वतःचे हात मृत्यूचे वाहक आहेत हे मान्य करणे प्रतिष्ठित डॉक्टरांना जड गेले. पावणेदोन शतके उलटली, जंतुशास्त्र सर्वमान्य झाले, तरी त्या प्रतिष्ठेचा प्रश्न सुटलेला नाही. नुकतीच नोकरीस लागलेली परिचारिका नामांकित तज्ज्ञाला, ‘सर, हातमोजे बदला’, असे आपल्याकडील किती रुग्णालयांत म्हणू शकेल? ज्या समाजाने माणसाच्या स्पर्शाचा विटाळ शतकानुशतके मानला, त्या समाजात जंतूंच्या स्पर्शाचा विटाळ सांगणाऱ्या परिचारिकेला मात्र ‘मर्यादेत राहा’ असे ऐकावे लागावे, यासारखी दुसरी विसंगती नाही.

आपल्याकडील चित्र

भारतातील परिस्थितीचे चित्र आता पूर्वीइतके अंधारात राहिलेले नाही. सात शहरांतील बारा अतिदक्षता विभागांच्या, दहा हजारांहून अधिक रुग्णांच्या पाहणीचा निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात या संसर्गाचे प्रमाण दर हजार नळी-दिवसांमागे ७.९२ आढळले. म्हणजे मिशिगनची मोहीम जेथून सुरू झाली जवळजवळ तेथेच या भारतीय रुग्णालयांचीही पातळी होती. त्यानंतर २०१७ आणि २०१८ या वर्षांत देशातील २६ रुग्णालयांच्या ८९ अतिदक्षता विभागांत झालेल्या पाहणीचा अहवाल २०२२ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आला. त्यात रुग्णालयात लागलेल्या रक्तसंसर्गाच्या २,६२२ घटनांची नोंद आहे, आणि त्याचे प्रमाण नवजात अर्भकांच्या अतिदक्षता कक्षांत सर्वाधिक होते. सुमारे एक चतुर्थांश संसर्ग क्लेबसिएला या जंतूचे होते आणि त्यांपैकी ७२ टक्के जंतू कार्बापेनेम या अखेरच्या फळीतील प्रतिजैविकांना दाद देत नव्हते.

या शेवटच्या आकड्याचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. पाश्चात्त्य देशांत असा संसर्ग झाला तर बहुधा औषध हाताशी असते. आपल्याकडे ते असेलच याची शाश्वती नाही. ज्या देशात उपचाराचे शस्त्र बोथट झाले आहे, त्या देशात प्रतिबंधाची किंमत अधिक असावयास हवी. प्रत्यक्षात ती कमी आहे. महागड्या प्रतिजैविकाचे देयक निघते. ते रुग्णाचे कुटुंब दागिने मोडून किंवा शेत गहाण टाकून भरते. न झालेल्या संसर्गाचे देयक कोणी कोणाला पाठवीत नाही. म्हणून प्रतिबंधासाठी कोणाचाच हात सैल सुटत नाही.

यावर नेहमीचा युक्तिवाद असा, की आपला देश गरीब, रुग्णांची गर्दी अफाट, परिचारिका अपुऱ्या. अमेरिकेची तुलना येथे अप्रस्तुत आहे. या युक्तिवादात तथ्य नाही असे कोणी म्हणणार नाही. अत्यवस्थ रुग्णामागे एक परिचारिका असावी हा आदर्श असताना तीन-चार रुग्णांची धावपळ एकीलाच करावी लागली, तर दर खेपेस हात धुण्यास तिला सवड कोठून मिळणार? गर्दीपुढे शिस्त कशी कोलमडते, याचा पुरावा खुद्द अमेरिकेनेच दिला आहे. कोविडच्या साथीत, २०२० सालच्या अखेरच्या तिमाहीत, तेथील रुग्णालयांतील हे संसर्ग आदल्या वर्षीच्या तुलनेत सुमारे ४७ टक्क्यांनी वाढले. परिचारिकांची संख्या हा खर्चाचा विषय नसून सुरक्षिततेचा विषय आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

परंतु गरिबीचे निमित्त सर्वच गोष्टींना लागू पडत नाही. साबण, क्लोरहेक्सिडिनचे द्रावण, निर्जंतुक चादर यांची किंमत एका दिवसाच्या महागड्या प्रतिजैविकापुढे नगण्य आहे. गरज संपलेली नळी काढून टाकण्यास तर काहीच खर्च येत नाही. फक्त रोज सकाळी, ‘ही नळी आज हवी आहे काय?’ असा प्रश्न कोणीतरी विचारावा लागतो. सलाइनच्या ताठ बाटलीत हवा शिरावी म्हणून वरून सुई खुपसून ठेवण्याची रीत आपल्याकडे अनेक ठिकाणी पाहावयास मिळते. त्या सुईवाटे खोलीतील हवा थेट औषधात जाते. अशा बाटल्यांऐवजी आपोआप आक्रसणाऱ्या बंद पिशव्या वापरल्याने रक्तसंसर्ग घटतात, असे अर्जेंटिना, ब्राझील, मेक्सिको आणि इटली या देशांतील अनुभवावरून दिसून आले आहे. यांपैकी पहिले तीन देश काही अमेरिकेइतके श्रीमंत नाहीत. शिवाय भारतातीलच ज्या रुग्णालयांनी मोजणी, प्रशिक्षण आणि देखरेख यांची सांगड घातली तेथे हे प्रमाण लक्षणीय घटल्याचे प्रसिद्ध झाले आहे. तेव्हा ‘आपल्याकडे हे शक्य नाही’ या म्हणण्याला आधार उरत नाही.

दोन प्रकारची शून्ये

मूळ अडचण पैशाची कमी आणि हिशेबाची अधिक आहे. जी रुग्णालये आकडे मोजतात तीच पाहण्यांत दिसतात; जी मोजीतच नाहीत त्यांच्याबद्दल कोणालाच काही ठाऊक नसते. जिल्ह्याजिल्ह्यांतून, तालुक्याच्या गावांतून, वरच्या मजल्यावर दहा खाटा मांडून अतिदक्षता विभागाची पाटी लावणारी रुग्णालये गेल्या काही वर्षांत वाढली. ‘आमच्याकडे असा संसर्ग होतच नाही’ असे त्यांच्यापैकी कोणी सांगितले, तर त्यावर विश्वास कसा ठेवावयाचा? रक्ताचा नमुना तपासणीसाठी पाठविलाच नाही, तर संसर्ग सिद्धच होत नाही. शून्य दोन प्रकारचे असते. एक कष्टाने मिळविलेले, दुसरे डोळे मिटून घेतलेले. कागदावर दोन्ही सारखीच दिसतात.

म्हणूनच या प्रश्नावर केवळ शिक्षेचा उपाय चालणार नाही. अमेरिकेतील मेडिकेअर या सरकारी योजनेने १ ऑक्टोबर २००८ पासून अशा संसर्गाच्या उपचाराचे जादा पैसे रुग्णालयांना देणे बंद केले. तो विचार तत्त्वतः योग्य आहे. परंतु जेथे मोजणीची सवयच नाही तेथे दंडाची भीती दाखविली, तर संसर्ग लपविण्याची सवय तेवढी लागेल. इंग्लंडने २००९ ते २०११ या काळात मिशिगनचा कित्ता गिरविला. तेथेही संसर्ग घटले, पण मोहिमेत अद्याप सामील न झालेल्या विभागांतही ते घटतच होते, असे आढळले. वरून उतरलेल्या मोहिमेपेक्षा विभागाविभागात रुजलेली शिस्त आणि खरे आकडे यांनाच अधिक महत्त्व आहे, असा त्याचा बोध आहे.

महाराष्ट्र शासनाच्या हाती यासाठी एक प्रभावी साधन आहे. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेतून शासन खासगी रुग्णालयांना उपचारांचे पैसे देते. जो पैसे देतो त्याला हिशेब मागण्याचा अधिकार असतो. योजनेतील ज्या रुग्णालयात अतिदक्षता विभाग आहे त्याने दरमहा नळी-दिवस, पाठविलेले रक्तनमुने आणि आढळलेले संसर्ग हे तीन आकडे कळविलेच पाहिजेत, अशी अट घालता येईल. तीच अट शासनाने स्वतःच्या वैद्यकीय महाविद्यालयांना आणि जिल्हा रुग्णालयांना प्रथम लावावी, म्हणजे खासगी डॉक्टरांना पक्षपाताची तक्रार करण्यास जागा राहणार नाही. पहिली दोन वर्षे आकडा मोठा आला म्हणून कोणालाही दंड करू नये. आकडा न देणाऱ्याला मात्र सोडू नये. नमुन्यादाखल अचानक तपासणी व्हावी. त्यानंतर हे आकडे रुग्णालयाच्या दर्शनी भागात, दरपत्रकाशेजारी, मराठीत लावले जावेत. खोलीचे भाडे किती हे जाणण्याचा रुग्णाला जितका हक्क आहे, तितकाच या खोलीत नळीवाटे संसर्ग किती झाले हे जाणण्याचाही आहे.

असे आकडे प्रसिद्ध झाल्यास लोक घाबरतील, डॉक्टरांवर हल्ले वाढतील, अशी भीती व्यक्त होईल. रुग्णालयांत होणारी मोडतोड आणि डॉक्टरांना होणारी मारहाण निंद्यच आहे; तिचे समर्थन कोणी करू नये. परंतु संशय वाढतो तो लपवाछपवीमुळे. प्रमाण किती, ते घटविण्यासाठी काय चालले आहे, गेल्या वर्षीपेक्षा ते कमी झाले की नाही, हे जे रुग्णालय स्वतःहून सांगते त्याच्यावर लोकांचा विश्वास अधिक बसतो. ज्यांच्या विभागात अतिशय गंभीर रुग्ण येतात त्यांचा आकडा थोडा अधिक असणार, हेही समजावून सांगितले तर लोकांना समजते.

भंडारा येथील जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ रोजी नवजात अर्भकांच्या कक्षाला आग लागून दहा बालके मरण पावली, तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला, चौकशी झाली, राज्यभर अग्निसुरक्षेच्या तपासणीचे आदेश निघाले. ते योग्यच झाले. परंतु तशाच कक्षांतून, तशाच काचेच्या पेट्यांतून, नळीवाटे शिरलेल्या जंतूंनी एकेक करून बालके दगावतात, तेव्हा धूर दिसत नाही, म्हणून कोणी धावत नाही. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या गावी, वेगवेगळ्या कारणांच्या नावाखाली झालेले हे मृत्यू एकत्र मांडल्याशिवाय त्यांचे स्वरूप दिसणार नाही आणि ते मांडण्यासाठी आधी मोजले पाहिजेत. मोजणीची वही, परिचारिकेच्या शब्दाला मान आणि हात धुण्यास पुरेसे पाणी, या तीन गोष्टी शासनाने प्रत्येक अतिदक्षता विभागासाठी सक्तीच्या कराव्यात. त्या नसतील तर ‘अतिदक्षता’ ही पाटी लावण्याचा परवाना कोणत्याही रुग्णालयाला मिळता कामा नये.